क्रांतीबाईंची हजेरी

श्वासाचं मशीन कडेगावात आलं ते एस.टी.नं, क्रांतीबाईंच्या मांडीवर बसून. सांगली सोडल्यापासून त्यांनी ती पिशवी खाली ठेवली नव्हती. खाली ठेवली असती तर शेजारच्या बाईनं आत काय आहे म्हणून विचारलं असतं. मांडीवर घेऊन वरून पदर टाकला की आपल्याकडं सहसा कुणी विचारत नाही. पलूस मागं पडायच्या आत क्रांतीबाई बसल्या जागी झोपल्या आणि घोरू लागल्या. हिंदुरावांनी एका हातानं मशीन धरलं, दुसऱ्या हातानं बायकोचं डोकं खिडकीच्या दांडीपासून लांब ठेवलं, आणि खिशातलं तिकीट दाखवायला तिसरा हात नसल्यामुळं कंडक्टरचे चार शब्द ऐकून घेतले.

क्रांतीबाईंची झोप हा एव्हाना सार्वजनिक विषय झाला होता. गल्लीतल्या बनाबाईंच्या हळदीकुंकवाला त्या हातात वाण घेऊन झोपल्या. पुतणीच्या साखरपुड्याच्या फोटोत सगळे कॅमेऱ्याकडं बघताहेत आणि क्रांतीबाई डोळे मिटून व्याह्यांच्या खांद्याला टेकल्या आहेत. एकदा तर तेलात मोहरी टाकली आणि ती तडतडायच्या आत त्यांना ओट्याशीच डुलकी लागली. त्या दिवशी खिडकीतून बाहेर पडणारा धूर पाहून शेजारचे निवृत्त सुभेदार गुंडाआबा पाण्याची बादली घेऊन धावत आले. ती त्यांनी लष्करी तत्परतेनं आधी ओतली आणि आग कुठं आहे हे मग विचारलं. ही बातमी साताऱ्याला लेकीच्या, संयोगिताच्या कानावर गेल्यावर मात्र तिनं कुणाचं ऐकलं नाही. ती कॉलेजात शिकवते, त्यामुळं आईबापांशीही ती वर्गात बोलावं तशीच बोलते. तिनं सांगलीच्या डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली, आणि तिथं अंगाला वायरी चिकटवून रात्रभर क्रांतीबाईंच्या झोपेची तपासणी झाली.

हिंदुरावांना बायकोची जुनी झोप फार आठवायची. साखर कारखान्याच्या कॉलनीत त्यांना दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. मे महिन्यात सगळी कॉलनी गच्चीवर झोपायची. वारा आला की मळीचा वास यायचा, आणि पाहुण्यांनी नाकाला रुमाल लावला की कॉलनीतली पोरं हसायची. क्रांतीबाई उशीवर डोकं ठेवून काहीतरी सांगायला सुरुवात करायच्या आणि वाक्याच्या मध्येच झोपायच्या. उरलेलं अर्धं वाक्य सकाळी चहाबरोबर मिळायचं. काही वाक्यं फार महत्त्वाची असत. "मला वाटतं मला दिवस," एवढं बोलून त्या एकदा झोपल्या होत्या, आणि हिंदुरावांनी ती रात्र गच्चीच्या कठड्यावर बसून काढली होती. संयोगिता पुढच्या थंडीत झाली.

आताची झोप ती नव्हती. आता आधी घोरणं चढत जायचं, मग एकदम थांबायचं. घोरणं थांबलं की नवरे सुटकेचा श्वास सोडतात. इथं मात्र घोरण्याबरोबर श्वासही थांबत होता. घरात काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. मग केव्हातरी बुडता माणूस वर यावा तसा आवाज काढून क्रांतीबाई पुन्हा श्वास घ्यायच्या. तपासणीत आकडा निघाला, तासाला एकेचाळीस वेळा. डॉक्टरीणबाईंनी हृदयावर किती ताण येतो ते सांगितलं, "आणि एखाद्या रात्री..." असं म्हणून वाक्य तसंच सोडून दिलं. तिथून पुढं ते वाक्य हिंदुराव रोज रात्री स्वतःच पुरं करायचे.

मशीन महिनाभर वापरून बघायला मिळालं होतं. अट एकच: रोज निदान चार तास मास्क नाकावर राहिला पाहिजे. राहिला की नाही हे मशीन स्वतःच टिपून ठेवायचं आणि कुठल्याशा अदृश्य मार्गानं संयोगिताच्या मोबाइलवर कळवायचं. हे ऐकून हिंदुरावांच्या मनात मशीनबद्दल आदर निर्माण झाला. ते स्वतः तेहतीस वर्षं कारखान्याच्या गेटवर टाइमकीपर होते. कोण कधी आलं, कधी गेलं, हे टिपून ठेवणाऱ्या कुणालाही ते आपल्या बिरादरीतला समजत.

पहिल्या रात्री त्यांनी माहितीपुस्तक दोनदा वाचलं, चष्मा पुसला, आणि मास्क बायकोच्या नाकावर चढवला. क्रांतीबाईंनी वडिलांकडून नाव आणि स्वभाव दोन्ही घेतले होते. वडील त्या भागातल्या चळवळीतले. मुलगी झाली तर हेच नाव ठेवायचं असं त्यांनी तुरुंगातच ठरवलं होतं म्हणे. अशा बाईच्या डोक्यामागं पट्टे आवळणं सोपं नव्हतं.

"मला मुसकं घालताय व्हय?" त्या म्हणाल्या, आणि मास्क काढून कुशीवर वळल्या.

त्यात नाकातली चमकी आडवी आली. मास्क डाव्या बाजूनं नीट बसेना आणि तिथून निसटलेली हवा थेट डोळ्यात जायची. हिंदुरावांनी कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन लावला. मराठीसाठी अमुक दाबा, तक्रारीसाठी तमुक दाबा, असं दाबत दाबत वीस मिनिटांनी एक बाई लाभली. तिनं नियमाप्रमाणं पेशंटला फोन द्यायला सांगितलं. पेशंट झोपलीय, असं हिंदुराव म्हणाले. मग मशीन चालतंय की, असं म्हणून बाईनं अभिनंदन केलं. पेशंट मशीनशिवाय झोपलीय, हे समजावण्यात आणखी दहा मिनिटं गेली. शेवटी चमकी काढा, असा निर्णय आला. ती चमकी नववीत असताना आईनं घातली होती आणि बाळंतपणात नर्सनं सांगूनही निघाली नव्हती. मग कंपनीनं दुसरा, नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क पाठवला. क्रांतीबाईंनी तो एकदा लावला, आरशात पाहिलं, लगेच काढला, आणि रात्री साडेदहाला उठून घासलेली भांडी पुन्हा घासत बसल्या. हिंदुरावांनी मशीनच्या नोंदींसाठी केलेल्या वहीत लिहिलं, 'मोठा मास्क, तीन मिनिटं, कारण सांगितलं नाही.'

पुढचा अडथळा पाण्याचा. मशीनला एक डबी असते, तिच्यात पाणी घालायचं, म्हणजे हवा कोरडी येत नाही. हिंदुरावांनी माठातलं पाणी घातलं, आणि माठात वाळा असतोच. त्या रात्री खोलीभर क्वार्टरमधल्या उन्हाळ्याचा वास सुटला. क्रांतीबाईंनी लहान मास्क नाकाशी नुसता धरून ठेवला आणि चाळीस मिनिटं कॉलनीतल्या एकेका बाईची चौकशी केली. कोण कुठं असते, कोण गेली, कुणाची सून बरी निघाली. हिंदुरावांना वाटलं, जमलं. सकाळी डबीच्या कडेला वाळ्याचे धागे आणि तळाला माती. कंपनीच्या बाईनं या वेळी विनाअट पेशंटशिवाय बोलायची तयारी दाखवली आणि फक्त डिस्टिल्ड वॉटर वापरायला बजावलं. ते कडेगावात एकाच ठिकाणी मिळतं, बॅटरीच्या दुकानात. हिंदुरावांनी कॅन आणला. ट्रॅक्टरच्या बॅटरीत जे घालतात ते आपल्या नाकात जाणार, हे कळल्यावर क्रांतीबाईंनी मशीनपासून पलंग हातभर लांब ओढून घेतला.

ही सगळी खटपट गुपचूप चालली होती. मशीन असल्याचं गल्लीत कळता कामा नये, अशी क्रांतीबाईंची ताकीद होती. दिवसा त्यावर शिवणयंत्राचं विणलेलं झाकण असायचं. पण गुंडाआबांना हिंदुरावांनी थोडं मोघम विचारलं, की माणसाला तोंडावर काही बांधून घ्यायची सवय कशी लावावी. आबांनी प्रश्नामागचं कारण विचारलं नाही. सैन्यात प्रश्न विचारायची पद्धत नाही. "आमाला ग्यास-मास्क दिवसा घालून पळवायचं," ते म्हणाले. "पयला दिवस उलट्या. आठव्या दिवशी त्यात झोपा काढल्या गड्यांनी." म्हणून हिंदुरावांनी दुपारी टी.व्ही.समोर गहू निवडताना मास्क घालायचा कार्यक्रम आखला. दुसऱ्याच दिवशी बनाबाई विरजण मागायला मागच्या दारानं आल्या. क्रांतीबाईंनी मास्क काढून गव्हात पुरला. रात्री मशीन सुरू केल्यावर नळीतून गव्हाचा एक दाणा बंदुकीतून सुटावा तसा येऊन हिंदुरावांच्या चष्म्यावर बसला.

आणि रोज सकाळी सातला साताऱ्याहून फोन. काल अकरा मिनिटं, पप्पा. काल शून्य. काल एकतीस, पण मध्ये तीनदा काढलाय. संयोगिताचा आवाज वरचेवर बारीक होत चालला. असंच राहिलं तर महिन्यानं मशीन परत घेतील, आईला जमत नाही अशी नोंद होईल, आणि मग पुढं काय ते डॉक्टरांनाही माहीत नाही, असं ती म्हणाली. हिंदुराव फोन ठेवून बराच वेळ परसातल्या नळाशी उभे राहिले.

इथं कारखान्यातली एक रीत सांगितली पाहिजे. हिंदुरावांच्या काळात प्रत्येक कामगाराला नंबराचा पितळी बिल्ला असायचा. कामावर येताना फळीवरचा आपला बिल्ला काढायचा आणि गेटवरच्या पत्र्याच्या डब्यात टाकायचा; हीच हजेरी. एखादा गडी उसाला पाणी पाजायला शेतावरच थांबला की त्याचा दोस्त दोन बिल्ले टाकायचा. हिंदुराव डब्याकडं पाठ करून बसत आणि कानानं चोर पकडत. एका माणसामागं दोनदा टण वाजलं की त्यांचा हात वर जायचा. एका हंगामात त्यांनी सख्ख्या मेव्हण्याला, क्रांतीबाईंच्या धाकट्या भावाला, पृथ्वीराजलाच पकडलं आणि त्याचा अर्धा दिवस कापला. क्रांतीबाई आठवडाभर बोलल्या नाहीत. पृथ्वीराज मात्र संध्याकाळी क्वार्टरवर येऊन हसत हसत जेवून गेला. तो मनुष्यच तसा होता. बहीण उठ म्हणाली की उठायचा, बस म्हणाली की बसायचा. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. तेव्हापासून त्या घरात त्याच्याबद्दल फारसं कुणी बोलत नसे.

तर असे हे हिंदुराव. अकराव्या रात्री क्रांतीबाईंनी झोपेतच मास्क ओढून काढला. तो उशीवर पडून सूं सूं करत राहिला. हवा कुठून निसटते ते तरी बघावं म्हणून हिंदुरावांनी तो स्वतःच्या नाकाला लावला. मग पट्टा जरा ओढला. मग म्हटलं, थोडं थांबू. ते तसेच बायकोकडं तोंड करून पडून राहिले. तिचा श्वास थांबला की दहा मोजायचे, खांदा हलवायचा, पुन्हा पडायचं. पहाटे त्यांनी मास्क काढून तिच्या उशीशी ठेवला. सातला फोन वाजला. संयोगिता हसत होती की रडत होती ते कळेना. सहा तास दहा मिनिटं, पप्पा, आईला द्या फोन, असं ती म्हणत होती.

हिंदुरावांनी त्याच क्षणी खरं सांगायला हवं होतं. ते त्यांनाही कळत होतं. पण दोन वर्षांत लेकीचा असा आवाज त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी फोन बायकोकडं दिला. क्रांतीबाईंनी सगळं कौतुक ऐकून घेतलं, "आसंल, झोपंत घातला आसंल," एवढंच म्हणाल्या, आणि नवऱ्याच्या चेहऱ्याकडं जरा जास्तच वेळ पाहत राहिल्या. तेहतीस वर्षं दुसऱ्यांचे बिल्ले पकडणारा माणूस त्या दिवसापासून रोज बायकोचा बिल्ला टाकू लागला.

पण ज्याच्या हातून पहिल्यांदाच चोरी होते त्याचं अंग चोरी लपवत नाही. हिंदुरावांची कातडी नाजूक. मास्कच्या पट्ट्यांचे दोन लाल वळ गालांवर उमटायचे आणि दुपारपर्यंत जायचे नाहीत. आठवड्याभरात गल्लीचं लक्ष गेलं. गुंडाआबांनी त्यांना मारुतीच्या पारापाशी बाजूला घेऊन खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, की यात लाज वाटायचं कारण नाही, आमच्या युनिटमध्येही एक हवालदार होता, दारासिंगसारखा गडी, पण सुट्टीवरून यायचा तो असाच. हिंदुराव गप्प राहिले, आणि गप्प राहणं म्हणजे कबुली असं आबा समजले. बनाबाईंनी क्रांतीबाईंना विरजण परत देताना हळूच समजावलं, की आता वय झालंय त्यांचं, राग आला तरी हात उचलू नये.

क्रांतीबाईंना एका वाक्यात सगळा उलगडा करता आला असता. पण मग मशीनचं सांगावं लागलं असतं. त्यांनी नवऱ्याला मारणारी बाई ही पदवी शांतपणे पत्करली. रोज सकाळी मात्र त्या काही न बोलता खोबरेलाची वाटी घेऊन यायच्या आणि हिंदुरावांच्या गालांवर दोन बोटं फिरवायच्या. वळ कशाचे, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही. हिंदुरावांनीही सांगितलं नाही. चाळीस वर्षांच्या संसारात असे करार होतात.

महिना भरला. संयोगिता साताऱ्याहून परस्पर सांगलीला आली. डॉक्टरीणबाईंनी संगणकावर आलेख पाहिला आणि त्यांचा चेहरा उजळला. पहिले दहा दिवस सोडले तर रोज सहा-सात तास वापर, आणि श्वास थांबणं जवळपास नाहीच. मग त्यांनी आलेख पुन्हा पाहिला, जरा पुढं झुकल्या, आणि म्हणाल्या की मशीनला हवेचा जोर वाढवावा लागलाच नाही, इतकं निरोगी चित्र क्वचित दिसतं. पहिल्या तपासणीतच काहीतरी चूक झाली असावी. तूर्त मशीन परत करू या, दोन महिन्यांनी नवी तपासणी करू, तोवर बिनधास्त झोपा. क्रांतीबाई खुर्चीतून उठल्यासुद्धा. संयोगिता पिशवी आवरू लागली.

दोन महिने, म्हणजे साठ रात्री. हिंदुरावांच्या डोळ्यांसमोर दहापर्यंतचे आकडे एका ओळीत उभे राहिले, आणि अकरावा आकडा त्यांना कधीच मोजायचा नव्हता.

"म्याडम," ते उभे राहून म्हणाले, "ती हजेरी माझी हाय."

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी पुन्हा सांगितलं. अकराव्या रात्रीपासून रोज मास्क त्यांनी घातला होता, आलेखातला श्वास त्यांचा होता. गेटवर पकडलेले गडी जसे टोपी हातात घेऊन उभे राहायचे, तसे ते उभे होते.

डॉक्टरीणबाई रागावल्या. बऱ्याच रागावल्या, आणि त्यांचं चुकलं नव्हतं. मग बोलता बोलता थांबल्या आणि विचारलं, "पण मास्क तुम्हाला होता, तर यांचा श्वास थांबायचा तेव्हा काय करत होता?"

"धा मोजायचं आन खांदा हलवायचा."

"महिनाभर?"

"मशीन आत्ता आलं," हिंदुराव म्हणाले. "हलवतोय दोन वर्सं."

संयोगितानं हातातला मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि मशीन आणखी एक महिना ठेवा, असं कागदावर लिहून दिलं. क्रांतीबाई नवऱ्याकडं पाहत होत्या. वळ त्यांना ठाऊक होते. दोन वर्षं ठाऊक नव्हती.

संयोगिता साताऱ्याच्या गाडीत बसली. कडेगावच्या गाडीला वेळ होता. दोघं स्टँडवरच्या बाकावर भडंगाची पुडी मध्ये ठेवून बसले, आणि ती कुणी उघडली नाही. मग क्रांतीबाई बोलल्या.

"पृथ्वीराजला आसाच हुता. त्यो मोठा मास्क. नाक-तोंड सगळं झाकल्याला."

हिंदुरावांनी मान वळवली.

"दवाखान्यातनं मोबाइलवर दाखवला त्याला. वैनीनं फोन माज्याकडं दिला. त्यो हातानं खुणा करीत हुता, मास्क काढा म्हणून. मी म्हनलं, काढू नगंस, पिरथ्या, ऱ्हाऊ दे. ऱ्हाऊ दिला त्यानं. माजं कवा मोडलं न्हाई त्यानं. फाटंचं गेला. तोंड सुदिक बघाय दिलं न्हाई कुणी. आता मला ते लावलं की माजाच आवाज ऐकू येतो. काढू नगंस."

हे त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. बायको भांडी का घासत बसली होती, ते हिंदुरावांना आता कळलं. वहीत त्यांनी 'कारण सांगितलं नाही' असं लिहिलं होतं. पण विचारलं तरी कुठं होतं, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना स्वतःची फार लाज वाटली.

"मग ऱ्हाऊ दे ते," ते म्हणाले. "मशीन आत्ताच दिऊन यीऊ परत."

"आन मग?"

"मग मी हाय की जागा."

क्रांतीबाईंनी त्यांच्या गालावरच्या वळांकडं पाहिलं. चौसष्ट वर्षांचा माणूस, डोळ्यांखाली काळं, शर्टाचं एक बटण खालीवर लागलेलं.

"किती वरीस?"

"जमंल तितकं," हिंदुराव म्हणाले.

क्रांतीबाई उठल्या, नळावर गेल्या, पाठमोऱ्या उभ्या राहून काहीतरी खटपट केली आणि परत आल्या. नाकाची डावी पाळी लाल झाली होती. त्यांनी चमकी रुमालाच्या टोकाला बांधली आणि रुमाल कमरेला खोचला. "ल्हान मुसकंच बरं," त्या म्हणाल्या. "चला, गाडी लागली."

त्या रात्रीच सगळं सुरळीत झालं असं कुणी समजू नये. पहिल्या रात्री पाऊण तास, दुसऱ्या रात्री दीड. बॅटरीचं पाणी आपण पितो त्यापेक्षा स्वच्छ असतं हे त्यांनी मान्य केलं, पण कॅन मात्र देवघराजवळ ठेवू दिला नाही. मास्क लावला की त्यांचा हात हिंदुरावांचं मनगट शोधायचा. कानात तो आवाज येऊ नये म्हणून हिंदुराव सतत बोलत राहायचे. बोलायला काही उरलं नाही तेव्हा त्यांनी पहिल्या पाळीचे बिल्ले आठवायला घेतले. एक नंबर कोण, दोन नंबर कोण, कोण बॉयलरला होता, कुणाची बायको चांगल्या शेवया करायची. काही नावं चुकायची. एरवी क्रांतीबाईंनी ती तिथल्या तिथं दुरुस्त केली असती. आता नाकात हवेचा जोर असल्यामुळं तोंड उघडता येत नव्हतं, म्हणून त्या मनगटाला चिमटा काढायच्या. सहाव्या रात्री चिमटे साठ नंबरच्या आसपास थांबले आणि तीन तास मास्क हलला नाही. हिंदुराव तरीही जागेच होते. सवयच ती, दहापर्यंत मोजायचे आणि मोजून झालं तरी खांदा हलवावा लागत नाही याचं नवल करायचे.

नवव्या सकाळी दूधवाल्यानं तीनदा बेल वाजवली आणि पिशवी कडीला अडकवून तो गेला. साडेसात वाजले. ज्या घराचं दार तेहतीस वर्षांच्या सवयीनं पाचला उघडतं, ते पावणेआठ झाले तरी बंद होतं. बनाबाईंनी कडीला लटकणारं दूध पाहिलं आणि त्यांच्या काळजात चर्र झालं. त्या गुंडाआबांना बोलावून घेऊन आल्या. आबांना गालांवरचे वळ आठवले, हवालदार आठवला, आणि आपण वेळीच मध्ये पडलो नाही याचं त्यांना वाईट वाटलं. साताऱ्याहून लागणारे फोन आत वाजत होते आणि कुणी उचलत नव्हतं. बघता बघता दहा-बारा माणसं जमली. आबांनी दार फोडायला कुणाच्या तरी खोऱ्याचा दांडा घेतला आणि तीन म्हटल्यावर, असं सगळ्यांना समजावून सांगितलं.

त्यांनी दोन म्हणताच दार आतून उघडलं. दारात क्रांतीबाई उभ्या होत्या. केस विस्कटलेले, दोन्ही गालांवर पट्ट्यांचे लाल वळ, आणि मास्क गळ्यात अडकलेला. त्याची नळी पदराबरोबर खाली लोंबत होती. ती सगळ्यांना दिसत होती आणि क्रांतीबाई ती लपवत नव्हत्या. आबांनी खोऱ्याचा दांडा पाठीमागं घेतला आणि सगळं ठीक आहे ना, हिंदुराव कुठं आहेत, असं खड्या आवाजात विचारलं.

क्रांतीबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "त्यास्नी झोप लागलीया. दोन वर्सांनी."

आतल्या खोलीत हिंदुरावांना ते ऐकू आलं. उठून दारात जावं, लोकांना बसायला सांगावं, असं त्यांच्या मनात आलं. पण बायको श्वास घेत होती आणि चारचौघांत बोलत होती, आणि मोजायचं काही उरलं नव्हतं. त्यांनी भिंतीकडं तोंड केलं आणि पुन्हा झोपले.